१२३४५६७८९८७६५४३२१ चे मूळ अवयव हाताने कसे काढायचे?

प्रश्न
या १७ अंकी संख्येचे मूळ अवयव कागदावर काढायचे आहेत. अंकांची बेरीज ८१ येते, मग ८१ ने भाग जातो असं धरून चालेल का? स्प्रेडशीटमध्ये टाकली तर शेवटी ३०० दिसतं आणि ९ नेसुद्धा भाग जात नाही.

प्रतिसाद १
८१ ने भाग जातो, पण त्या कारणाने नाही. बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच खरी. १८९९ च्या अंकांची बेरीज २७, पण २७ ने भागलं तर बाकी ९ उरते.

ही संख्या म्हणजे १११११११११ चा वर्ग (नऊ वेळा १). उभा गुणाकार मांडून बघा: रकान्यांच्या बेरजा १, २, ३… ९ पर्यंत चढतात आणि तशाच उतरतात, हातचा कुठेच येत नाही. म्हणून अवयव वर्गमुळाचेच काढा. ९ ने भागल्यावर १२३४५६७९ (८ गायब!). आता उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट: ६७९ + ३४५ + १२ = १०३६, पुन्हा ३६ + १ = ३७. म्हणजे ३७ ने भाग जातो, कारण ९९९ = २७ × ३७. भागाकार ३३३६६७.

मूळ संख्येत ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

प्रश्नकर्ता
३३३६६७ मूळ आहे हे कसं ठरवायचं? ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायच्या?

प्रतिसाद २
नाही, १६ पुरतात. ३३३६६७ ची तिप्पट १००१००१, म्हणजे १००० चा वर्ग + १००० + १. तिचा ३ सोडून कोणताही मूळ अवयव ९९९९९९९९९ ला भागतो, ९९९ ला मात्र भागत नाही. त्यामुळे तो १८ च्या पटीपेक्षा १ ने जास्त असावाच लागतो: १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७. (३७ हा ९९९ ला भागतो, म्हणून बाद.) एकानेही भाग जात नाही.

प्रतिसाद ३
स्प्रेडशीट १५ अंकच धरते, पुढे शून्यं. जावास्क्रिप्टची साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९२ नंतर विषम पूर्णांक साठवू शकत नाही, म्हणून तिथे शेवटी ३२० येतं. खरा धोका वर्गमुळाचा आहे. संगणकाच्या नेहमीच्या दशांश (फ्लोटिंग पॉइंट) पद्धतीने काढलं तर ३२०, ३२१, ३२२ या तिन्ही शेवटांना नेमकं १११११११११ मिळतं, आणि पूर्ण वर्ग नसलेली संख्याही पूर्ण वर्ग ठरते. पायथनमध्ये पूर्णांक वर्गमूळ घ्या आणि उत्तराचा वर्ग करून ताडून बघा.

प्रतिसाद ४
१२१, १२३२१ अशा, नुसत्या एकांच्या संख्येचा वर्ग करून येणाऱ्या चढत्या-उतरत्या संख्या म्हणजे डेम्लो संख्या. देवळालीचे गणितज्ञ द. रा. कापरेकर यांनी हे नाव डोंबिवलीच्या जुन्या नावावरून दिलं. अंकांच्या बेरजेने, ८१ ने, भाग जातो म्हणून ही हर्षद संख्याही आहे. ते नावही त्यांचंच. दहा एकांपासून मात्र आकृती मोडते. मधल्या रकान्यात १० येऊन हातचा सरकतो: १२३४५६७९००९८७६५४३२१.