मदत हवी आहे: बाबांना बेल्जियममधला ईपरचा क्लॉथ हॉल दाखवायचाय, एका दिवसात जमेल का?

नमस्कार मंडळी. आम्ही वणी तालुक्यातले, घरी कापूस-तुरीची शेती. धाकटा भाऊ रिसर्चसाठी बेल्जियममधे गेंटला आहे अन् त्यानं मे महिन्यात मला आणि बाबांना बोलावलंय, मृगाच्या आत परत यायचंच कारण पेरणी कोणासाठी थांबत नाही. भाऊ म्हणे पॅरिस करू, ॲमस्टरडॅम करू. बाबांना त्यातलं काही नको, त्यांनी एकच जागा धरून ठेवलीय, ईपरची कापडाची मंडी.

का ते सांगतो. बाबा बाजार समितीत मापारी होते, सगळी उमर काट्यापाशी गेली. आता 74 चे आहेत, एका डोळ्यानं कमी दिसते, तरी कोणाची कापसाची बंडी दारावरून गेली की चिमूटभर कापूस मागून घेतात, दोन्ही अंगठ्यांच्या नखात धरून हळूहळू ओढतात अन् तो पुंजका बाहीवर ठेवून धागा किती लांब निघाला ते पाहत बसतात. भावानं एकदा व्हिडिओ कॉलवर त्यांना सांगितलं की इथं 1304 मधे पूर्ण झालेला मार्केटचा हॉल आहे, सव्वाशे मीटर लांब, मधे 70 मीटरचा मनोरा, लोकरीच्या कापडाच्या गाठी तिथं यायच्या, नावा पार हॉलला लागायच्या कारण तेव्हा शेजारून पाणी वाहायचं, कापड तपासून त्याला शिशाचा शिक्का मारायचे. शिक्क्याचं ऐकलं अन् बाबा उठून बसले. "म्हंजे थेही आपल्यासारखंच मापून, पारखून घेत होते," असं दोन-तीनदा म्हणाले.

मग भावानं दोन फोटो पाठवले. एक पहिल्या महायुद्धानंतरचा, एक आताचा. 22 नोव्हेंबर 1914 ला तोफगोळ्यांनी हॉल पेटला आणि पुढच्या चार वर्षांत मनोऱ्याचा खुंट अन् थोड्या भिंती एवढंच राहिलं. चर्चिलचं म्हणणं होतं की गाव तसंच पडकं ठेवावं, मेलेल्या सैनिकांची आठवण म्हणून. पण गावातले लोक परत आले, लाकडाच्या खोल्यांत राहिले आणि होतं तसं गाव पुन्हा उभारलं, हॉलचं काम तर 1967 पर्यंत चाललं. मला विचाराल तर त्यांनी बरोबर केलं, ज्यांचं घर पडलं त्यांनी ठरवायचं.

बाबांना मात्र दोन्ही फोटो एकाच जागेचे आहेत हेच पटत नव्हतं, बोटानं मोठे करकरून पाहिले. त्यांनी एका जिनिंगमधे रुईची गंजी पेटलेली पाहिलीय, वरून विझली तरी आत तीन दिवस धुमसत होती आणि शेवटी हातात काळा लगदा आला. म्हणून ते विचारतात, "जयालं थे तं जयालं, मंग हे उभं हाय थे कोन्तं हाय?" मला उत्तर देता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

तर जे जाऊन आलेत त्यांनी सांगा. जुने दगड कुठं राहिलेत का, अन् जवळून पाहता येतात का, हात लावता येतो का? बाबांचा गुडघा दुखतो, मनोऱ्याला लिफ्ट आहे का? सकाळी गेंटहून निघून मेनिन गेटचं (पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या स्मारकाची कमान, तिथं त्यांच्यासाठी रोज वाजवतात) रात्री आठचं बिगुल ऐकून परत येता येईल का, की मुक्कामच करावा? भारतीय सैनिकांचं स्मारक तिथून किती लांब आहे? आणि खाण्याचं, बाबा माळकरी आहेत, दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी सोबत घेऊ, पण एखादी गरम शाकाहारी वस्तू मिळते का? शेवटचं म्हणजे बाबांना घरचा मूठभर कापूस तिथं न्यायचाय, चालेल का?

प्रतिसाद (ब्रुसेल्समधून):
दादा, काकांना नक्की आणा. हॉलमधे आता पहिल्या महायुद्धाचं इन फ्लँडर्स फील्ड्स म्युझियम आहे, तिथं व्हीलचेअरनंही जाता येतं. मनोऱ्याला मात्र 231 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, तो तुम्ही चढा, काकांना खाली चौकात बसवा, वरच्या घंटा तिथूनही छान ऐकू येतात. गेंटहून गाडी कोर्ट्रेकमार्गे. स्टेशनपासून चौक पायी दहा-पंधरा मिनिटं. बिगुल 1928 पासून वाजतंय, फक्त दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असताना बंद होतं. गर्दी होते, साडेसातलाच उभे राहा, आणि परतीची गाडी त्या दिवशीची ॲपवर पाहूनच ठरवा. काकांचा गुडघा दुखतो तर मी म्हणेन मुक्काम करा. भारतीय स्मारक गेटला लागूनच तटबंदीवर आहे. भारतीय सैनिक खुदादाद खान यांना व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक) मिळाला ती 31 ऑक्टोबर 1914 ची लढाई इथूनच जवळ, होलेबेकला झाली होती. गरम म्हणाल तर सूप मिळेल, पण मांसाचं पाणी आहे का ते विचारूनच घ्या, आणि फ्राइज कशात तळलेत तेही विचारा, इथं गाईच्या चरबीत तळायची पद्धत आहे. दगडांचं म्हणाल तर मनोऱ्याच्या खालच्या अंगाला नीट पाहा. आणि सरकीसकट कापूस आणू नका, युरोपात बियाण्याला दाखला लागतो.

धागाकर्ता:
लई उपकार झाले ताई. मुक्कामच करतो. फ्राइजचं बरं सांगितलं, आम्ही तेच खाणार होतो. बाबांना वाचून दाखवलं, तेव्हापासून अंगणात बसून एकेक बोंडातली सरकी हातानं काढताहेत.