घरच्या मेळाव्यात ‘पाय’ची स्पर्धा (ॲपल, पम्पकिन वगैरे): अनुभव सांगा

नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, म्हणजे थँक्सगिव्हिंग, जवळ आला की आमच्या न्यू जर्सीच्या गोतावळ्यात एकच विषय असतो, यंदा कोणाकडे? यंदा आमच्याकडे. दीर-जावा, चुलत नणंदा, सगळ्यांची पोरं, शिवाय भारतातून आलेले दोन्हीकडचे आई-बाबा. टर्की आमच्यात फारसं कोणी खात नाही, त्यामुळे सगळा भर गोडावर. भाचरांनी फर्मान काढलंय की या वेळी दुकानातले पाय (मैद्याच्या पारीत सारण घालून भाजलेले) आणायचे नाहीत, प्रत्येक घराने एक भाजून आणायचा आणि स्पर्धा लावायची. कल्पना झकास आहे, पण आमच्याकडे पत्त्यांच्या डावावरूनसुद्धा अबोला धरणारी माणसं आहेत. ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. नियम काय ठेवले, परीक्षक कोण होते, अंड्याचं-बिनअंड्याचं कसं जमवलं, आणि मुख्य म्हणजे नंतर सगळे एकमेकांशी बोलत होते का? पाककृती द्या, पण भांडणं आधी.

सायीचं_दही, आयोवा

माझं सासर इथलंच, मक्याच्या शेतांमधलं. ऑगस्टमध्ये डे मॉईनला स्टेट फेअर, म्हणजे राज्याची जत्रा भरते, त्यात पायच्या स्पर्धा असतात आणि पहिल्या नंबरची निळी फीत मिळवलेली बाई गावात वर्षभर ताठ मानेने फिरते. सासूबाईंच्या माहेरी तीच स्पर्धा घरात, थँक्सगिव्हिंगला. तेव्हा भांडणांचं म्हणाल तर मला मुरलेली भांडणं बघायला मिळाली आहेत.

त्यांचा पहिला नियम वेळेचा. सकाळी दहाच्या आत पाय टेबलावर, मग कोणी तिकडून कितीही लांबून येवो. मला आधी हा जाच वाटायचा. पण ॲपल पाय ओव्हनमधून काढून तासाभरात कापला तर आतलं सारण पाण्यासारखं ताटलीभर पळतं. रस आळून बसायला तीन-चार तास लागतात. गरमागरम आणून कौतुक करून घेणाऱ्यांना इथे हमखास शून्य.

दुसरा नियम परीक्षकांचा. परीक्षक घरचा नको, शेजारचा हवा, आणि एक नाही, दोन हवेत. एकाने फक्त बघायचं, दुसऱ्याने फक्त खायचं. कारण ताटलीखाली नंबर चिकटवून काही लपत नाही. कडेची मुरड बघितली की कोणाचा हात आहे ते अख्ख्या घराला कळतं. माझ्या नणंदेची वेणीसारखी, सासूबाईंची काट्याने दाबलेली. म्हणून खाणाऱ्या परीक्षकाकडे स्वयंपाकघरातून कापून, कड काढून तुकडा जातो.

आणि तो परीक्षक काय करतो? खायच्या आधी तुकडा काट्याने उलटा करतो! वरून सोनेरी दिसणारा पाय खालून पांढुरका आणि ओलसर निघाला तर तिथेच निम्मे गुण जातात. सासूबाईंचं या बाबतीत ऐकावं. ताटली काचेची घ्या म्हणजे तळाचा रंग दिसतो, ओव्हनच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, आणि तिच्याखाली आधीपासून तापवलेला लोखंडी ट्रे असू द्या. सारण कोमट असताना कधीच भरायचं नाही.

शाकाहारी मंडळींसाठी सगळ्यात महत्त्वाचं. जुन्या पद्धतीच्या क्रस्टमध्ये (पायच्या पारीत) लार्ड, म्हणजे डुकराची चरबी असते, आणि ती चवीला ओळखू येतेच असं नाही. माझे आई-बाबा पहिल्यांदा आले तेव्हा सासूबाईंनी आपणहून प्रत्येक पायसमोर एक चिठ्ठी ठेवायला लावली. त्यात काय काय आहे सगळं लिहायचं. तो नियम आता कायम झालाय. तुम्ही पहिल्या वर्षापासूनच करा.

खमंग_फोडणी, ऑस्टिन

आमच्याकडे सगळी मजा आजीने आणली. सांगलीची आजी, वय ऐंशीच्या पुढे. नातसुनेने क्रस्टचा व्हिडिओ लावून समजावलं, “अगं आजी, लोणी अगदी थंड हवं, वाटाण्याएवढे गोळे राहिले पाहिजेत पिठात.” आजी म्हणाली, “थंड मोहन? करंज्या वातड होतील की गं बाळा.”

दोघींचंही बरोबर. आजीचं कडकडीत मोहन पिठाच्या कणाकणाला लागतं, म्हणून करंजी खुसखुशीत होते. पायच्या क्रस्टमध्ये मात्र लोण्याचे गोळे अख्खे राहावे लागतात. ओव्हनमध्ये लोण्यातल्या पाण्याची वाफ होऊन पापुद्रे सुटतात, ते खुसखुशीतपणापेक्षा वेगळं काम आहे. हे आजीला सांगितल्यावर तिने दोन सेकंद विचार केला आणि म्हणाली, “मग चिरोट्याचं पीठ घ्या की.”

मग काय! मैदा भिजवला, तीन पातळ पोळ्या लाटल्या, तूप नि तांदळाच्या पिठीचा साटा फेसून मध्ये लावला, गुंडाळी केली, लाट्या कापून आडव्या लाटून ताटलीत एकमेकींना चिकटवून बसवल्या. आत सफरचंद, पण दालचिनीच्या जोडीला जायफळ आणि थोडा गूळ. बाहेर आला तेव्हा तळाला चिरोट्याची चक्रं उमटलेली. कापताना पापुद्रे उडत होते टेबलभर. पहिला नंबर मात्र धाकट्या जावेच्या पिकान (अक्रोडासारखा सुकामेवा) पायला गेला, आणि तो खरंच चांगला होता. आजी रुसली नाही. तिने फक्त विचारलं की त्या बाईने घातलेला तो पाक कसला, आणि कॉर्न सिरप म्हटल्यावर “बाटलीतला होय” एवढंच म्हणाली. घरात सध्या हाच वाक्प्रचार चालू आहे. कोणी काही आयतं आणलं की, “बाटलीतला होय!”

एक_घास_काऊचा

स्पर्धा कशाला पण? आणा, खा, घरी जा. आमच्याकडे मोदकांच्या स्पर्धेनंतर दोन चुलत भावांची कुटुंबं वर्षभर वेगवेगळ्या दिवशी गणपतीला येत होती.

मतपेटी, मिनिआपोलिस

वरच्यांना उत्तर: परीक्षक ठेवलाच नाही तर भांडायचं कोणाशी? आम्ही मतदान घेतो. रिकामा क्रस्ट आधी भाजून घेताना तो फुगू नये म्हणून कागद घालून वर राजमा पसरतात ना, तो राजमा एकदा भाजला की शिजायच्या कामाचा राहत नाही. तोच मतपत्रिका म्हणून वापरतो. प्रत्येकाला तीन दाणे, प्रत्येक पायसमोर एक बरणी, आणि स्वतःच्या बरणीत टाकायचं नाही.

पहिल्या वर्षी आचारसंहितेचा बोजवारा उडाला. एका भाचीने खिशात स्वयंपाकघरातला कच्चा राजमा भरून आणला आणि आईच्या बरणीत ओतला. पकडली कशी गेली, तर भाजलेला दाणा सुरकुतलेला आणि काळपट असतो, कच्चा तुकतुकीत लाल. काकांनी चष्मा लावून एकेक दाणा निवडला. निकाल फिरला नाही ही गोष्ट वेगळी, ती वहिनी तशीही जिंकतच होती.

सफरचंदांवरून आमच्याकडे दोन पक्ष आहेत. हनीक्रिस्प ही जात आमच्या मिनेसोटा विद्यापीठाची, १९९१ मध्ये बाजारात आली, त्यामुळे इथे तिचा अभिमान घरच्या लेकीसारखा. माझं मत विचाराल तर नुसती खायला हनीक्रिस्प, पायमध्ये निम्मी तरी ग्रॅनी स्मिथ हवीच. आंबटपणा नसेल तर साखरेचा मिट्ट गोळा होतो. आमच्या सासऱ्यांना तोच आवडतो, आणि त्यांच्याकडेही तीन दाणे असतात.

हापूसवाली, बे एरिया

आंब्याच्या पायचं कोणीच कसं लिहिलं नाही? अमेरिकेतल्या देशी घरांत थँक्सगिव्हिंगला पम्पकिन पाय उरतो आणि आंब्याचा संपतो.

आमच्याकडे वाद त्यावरूनच झाला. मोठ्या दिरांचं म्हणणं, स्पर्धा भाजण्याची आहे, हा तर फ्रिजमध्ये सेट होतो. वकिलाची सून आहे मी. ग्रॅहम क्रॅकर बिस्किटांचा चुरा आणि लोणी दाबून केलेला तळ ३५० फॅरनहाइटला दहा मिनिटं भाजला होता, ते दाखवून दिलं. शेवटी सासूबाईंनी निकाल दिला, “ओव्हन लागला होता ना? मग झालं.”

कृती थोडक्यात, ८५० ग्रॅमच्या पल्पच्या एका डब्यात नऊ इंची दोन पाय होतात. एक पाकीट क्रीम चीज, फेटलेली क्रीम, साखर बेताने कारण डब्यात आधीच असते. बहुतेक पाककृतींत जिलेटिन असतं, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्याचं. आमच्याकडे चालत नाही, म्हणून अगर-अगर. पण जिलेटिनसारखं गरम पाण्यात ढवळून भागत नाही, अगर पाण्यात खळखळून उकळावंच लागतं. आणि ते गार झालं की बाहेरसुद्धा घट्ट होतं, म्हणून चीज आणि पल्प फ्रिजमधून आधीच काढून ठेवा. थंड पल्पमध्ये ओतलंत की लगेच गाठी धरतात. वेलची घालू नका. माझं आपलं मत. वेलची घातली की तो पाय राहत नाही, आम्रखंड होतं.

घाटमाथा, पुणे

परदेशातल्यांनीच लिहायचं असं काही नाही ना? आमचं मावस-मामेभावंडांचं संमेलन जानेवारीत पाचगणीला, भाड्याच्या बंगल्यात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ऐन भरात, टोपल्याच्या टोपल्या. बोस्टनच्या मावसबहिणीने जाहीर केलं, पाय करू या, स्पर्धा लावू. बंगल्यात ओव्हन कुठला? एकीने घरून ओटीजी गाडीत घालून आणला होता, त्यात जेमतेम एक ताटली मावेल.

मग नियम बदलला. ताटलीचा पाय नाही, हातात धरून खायचे छोटे पाय. करंजीचे साचे दोघींकडे होतेच. स्ट्रॉबेरीचा त्रास असा की चिरून साखर घातली की तिला पाणी सुटतं, आणि ते पारीला भिजवून फोडतं. मामींनी युक्ती केली. साखर लावून तासभर ठेवलं, सुटलेला रस गाळून कढईत आटवला, त्यात कॉर्नफ्लोअर आणि लिंबू, मग गार झाल्यावर फोडी परत घातल्या. ज्यांनी नुसत्या चिरून भरल्या त्यांचे सगळे साच्यातच फुटले.

पहिला ट्रे आत गेला आणि लाईट गेली. अर्धा तास वाट बघितली, मग मामा उठले. जाड बुडाच्या कढईत मीठ पसरलं, वर तारेची जाळी, त्यावर थाळी, झाकण, मंद गॅस. खालून छान भाजले, वरून फिकटच राहिले, तर मामींनी उलटून घेतले. रात्री लाईट आल्यावर ओटीजीतले झाले. मतं मागितली तर सगळ्यांनी मिठाच्या कढईतल्यांना दिली. मला वाटतं भुकेने दिली.

गारठा, लेस्टर

इंग्लंडमध्ये पाय म्हटलं की आधी तिखटाचाच असतो, आणि नाताळात मिन्स पाय. त्याच्या सारणाला मिन्समीट म्हणतात, आता त्यात मटण नसतं, बेदाणे-मनुका-सफरचंद-मसाले असतात. पण सुएट बघा! म्हणजे गाईगुरांची चरबी. शाकाहारी सुएटचं पाकीट सर्रास मिळतं, लेबल वाचून घ्या. आमच्या बॉक्सिंग डेच्या (२६ डिसेंबरच्या) स्पर्धेत बाबांनी सारणात सुकं खोबरं आणि खसखस घातली होती. इंग्रज जावई तीन खाऊन म्हणाला, ह्यात काहीतरी ओळखीचं आहे. दिवाळीत त्याने करंज्याच खाल्ल्या होत्या.

उंचावरून, डेन्व्हर

इथे समुद्रसपाटीपासून मैलभर वर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. क्रस्ट होतो आणि सफरचंद कचकचीत राहतं. फोडी आधी कढईत अर्धवट शिजवून, गार करून भरा. बाहेरगावच्या पाहुण्यांना हे सांगायचं की निकालानंतर, यावर आमच्याकडे दुमत आहे.

डबेवाली, सिअ‍ॅटल

सगळ्यांनी स्पर्धेचं लिहिलं, उरलेल्याचं कोणी नाही. दहा घरांचे दहा पाय आणि पुरणपोळ्या खाऊन आलेली माणसं! गणित करा. चौघांत अर्धा पाय पुष्कळ होतो. दोन घरांना मिळून एक असं वाटून द्या, जोड्या चिठ्ठ्या टाकून लावा, म्हणजे जावा-जावा एका संघात येतात आणि निम्मं राजकारण तिथेच संपतं.

पम्पकिन, पिकान, कस्टर्डचे, म्हणजे अंडं-दूध असलेले पाय दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका. परीक्षण चाललंय म्हणून दुपारभर मांडून ठेवतात लोक. परीक्षकाला एकेक तुकडा द्या आणि बाकीचा फ्रिजमध्ये टाका. ॲपल, चेरी हे साखर-फळांचे झाकून दोन दिवस बाहेर राहतात. पम्पकिन पायला मधोमध भेग पडली तर तो जास्त भाजला गेलाय. कड घट्ट आणि मधला भाग जेलीसारखा थरथरत असतानाच काढायचा, बाहेर आल्यावर स्वतःच्या उष्णतेने होतो. भेग पडलीच तर वर फेटलेली क्रीम, परीक्षकाला कळतं पण पाहुण्यांना नाही.

आणि ताटल्यांच्या बुडाला टेप लावून नाव लिहा. माझी काचेची नऊ इंची निळ्या कडेची ताटली दोन थँक्सगिव्हिंगपूर्वी कोणाच्या तरी गाडीतून गेली ती गेलीच. सिअ‍ॅटलच्या आमच्या वहिनी हा धागा वाचतात हे मला माहीत आहे. वहिनी, फ्रिजच्या वर बघा एकदा.