मदत हवी आहे: कोलॉइडल सिल्व्हर ढवळण्यासाठी घरगुती मोटर

मृत्तिका:
नमस्कार. कोलॉइडल सिल्व्हर, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या दोन चांदीच्या तारांतून वीज सोडून केलेले चांदीच्या सूक्ष्म कणांचे द्रावण, तयार होत असताना पाणी सतत आणि अगदी संथपणे ढवळत राहील, असे साधन मला घरीच जुळवायचे आहे. सध्या खेळण्यातल्या गाडीची मोटर बरणीच्या झाकणावर बसवून तिच्या दांड्याला प्लॅस्टिकची काडी जोडली आहे. पण वेग कमी करायला गेले की मोटर अडून बसते आणि जरा वाढवला की ती अशी उसळते, की पाणी झाकणापर्यंत उडते आणि चांदीच्या तारा हलून एकमेकींना टेकतात. तळाशी काळे कण साचतात, ते वेगळेच. काम तातडीचे आहे. कोल्हापुरात आजच्या आज कोणती मोटर मिळेल आणि तिचा वेग कसा आवरावा, एवढेच कृपया सांगावे.

ओमचा_नियम:
भांडे किती लिटरचे, मोटर किती व्होल्टची, तारांना विद्युतदाब किती आणि प्रवाह किती, यांपैकी एकही गोष्ट आपण लिहिलेली नाही. काळे कण ढवळण्यामुळे येतात की प्रवाहामुळे, हे त्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही.

चुंबकपंखा:
मोटर पाण्यावर टांगण्याचा हट्ट सोडावा. संगणकाचा जुना १२ व्होल्टचा पंखा घ्या, त्याच्या मधल्या गोल भागावर दोन निओडिमियम चुंबक समोरासमोर समान अंतरावर चिकटवा, मात्र एकाचा उत्तर ध्रुव वर आणि दुसऱ्याचा दक्षिण ध्रुव वर ठेवा. बरणी त्यावर ठेवून आत टेफ्लॉनचे आवरण असलेली चुंबकी कांडी सोडली की झाले. पाण्याला मोटरच्या कोणत्याही भागाचा स्पर्श नाही आणि तेलाचा थेंब पडण्याची भीतीही नाही.

उद्यमनगरकर:
हा उपाय चर्चेच्या प्रत्येक धाग्यावर येतो आणि बरणीचा तळ जाड निघाला की कांडी उडून बाजूला पडते, हे मात्र कोणी लिहीत नाही. शिवाय पंखा कमी व्होल्टला सुरूच होत नाही, म्हणजे ताईंची मूळ अडचण जागच्या जागी राहिली. त्यापेक्षा मिनिटाला ६० फेऱ्यांची १२ व्होल्टची गिअर मोटर घ्यावी. तिला वेग आवरण्याची गरजच नाही. तो गिअरनेच आवरलेला असतो.

चुंबकपंखा:
दोन तारांच्या पंख्याला डिमरसारखे चालू-बंद होणारे सर्किट लावले तर तो गुरगुरतो आणि थांबतो, हे खरे. पण एलएम३१७ ही व्होल्ट कमी-जास्त करणारी चिप लावून व्होल्ट सावकाश उतरवले तर बहुतेक पंखे ६-७ व्होल्टला नीट फिरतात. दोष पंख्याचा नाही, जोडणाऱ्याचा आहे.

औषधशाळा:
वेगाची चर्चा चालू द्या, पण हे द्रावण पिण्यासाठी आहे का? चांदी शरीरात साठून त्वचा कायमची निळसर-करडी होते, त्याला आर्जिरिया म्हणतात आणि तो रंग पुन्हा जात नाही. चांदीची अशी औषधे सुरक्षित आणि परिणामकारक मानता येत नाहीत, असा नियम अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने १९९९ सालीच केला आहे.

मृत्तिका:
पिण्यासाठी नाही, हे सांगायला हवे असेल असे वाटले नाही. मातीत भाताचे तूस मिसळून भाजलेल्या गाळणीच्या भांड्यांना हे द्रावण आतून-बाहेरून लावायचे आहे. ग्वाटेमालात फर्नांडो माझारिएगोस यांनी १९८१ साली तयार केलेली पद्धत तीच. बरणी एक लिटरची आहे. १२ व्होल्टचा अडॅप्टर थेट तारांना जोडला आहे आणि त्याच अडॅप्टरवर रेग्युलेटर लावून मोटर चालते. पाणी आरओचे आहे.

ओमचा_नियम:
मग निम्मे उत्तर येथेच आहे. सुरुवातीला शुद्ध पाण्यातून प्रवाह जवळजवळ वाहत नाही, पण चांदीचे आयन (विद्युतभारित कण) वाढतील तसा तो चढत जातो आणि त्याला अडवणारे मध्ये काहीच नसल्याने तारेवर काळा भुसभुशीत थर वाढून गळू लागतो. तारांच्या मार्गात २.२ किलोओहमचा रेझिस्टर टाका. तारा टेकल्या तरी प्रवाह साडेपाच मिलिअँपिअरच्या वर जाणार नाही. हिशेब सोपा आहे: १ मिलिअँपिअर प्रवाह तासभर वाहिला की सुमारे ४ मिलिग्रॅम चांदी सुटते. त्यातली काही ऋण तारेवर बसते, म्हणून एक लिटरमध्ये पीपीएमचा (लिटरमागे मिलिग्रॅमचा) आकडा त्याहून थोडा कमी धरावा. ढवळणे लागतेच, कारण तारेजवळ दाटलेले आयन तिथेच राहिले की मोठे कण बनतात. मात्र त्यासाठी पाणी फक्त सरकत राहिले पाहिजे, भोवरा नको.

पाणीवाला:
आरओचे पाणी उत्तम. आमच्या घरी त्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) ४० येतो.

ओमचा_नियम:
पिण्यासाठी उत्तम, येथे निरुपयोगी. त्यात क्लोराइड शिल्लक असते, त्यामुळे सिल्व्हर क्लोराइड बनून पाणी दुधी होते. डिस्टिल्ड पाणीच घ्यावे.

हुपरीकर:
तारा कशाच्या आहेत, हे कोणीच विचारले नाही. पैंजणाची चांदी वितळवून ओढलेली तार असेल तर तिच्यात तांबे असते आणि तेही पाण्यात उतरते. ९९९ टंचाची चोख चांदी मागून दोन मिलिमीटरची तार ओढून घ्यावी.

मृत्तिका:
तार गुजरीतून, म्हणजे इथल्या सराफ बाजारातून, ९९९ टंचाचीच आणली आहे. रेझिस्टर आणि डिस्टिल्ड पाणी आज बदलते. गिअर मोटर घ्यायचे ठरवले आहे, पण तिच्या ६ मिलिमीटरच्या दांड्याला काचेची कांडी जोडायची कशी? एम-सीलने वाकडी बसते आणि बरणीच्या काठाला लागते.

उद्यमनगरकर:
चिकटवूच नका. मोटरसायकलच्या पेट्रोल पाइपचा बोटभर तुकडा गरम पाण्यात मऊ करून अर्धा दांड्यावर आणि अर्धा तेवढ्याच जाडीच्या कांडीवर चढवा. थोडा वाकडेपणा पाइपच सोसतो. मोटर आडव्या पट्टीवर बसवा, झाकणावर नको, म्हणजे तिचा कंप तारांपर्यंत पोहोचणार नाही.

चुंबकपंखा:
आणि जोडाच्या वर एक रुंद रबरी वॉशर ओढून घ्यावा, म्हणजे गिअरचे ग्रीस गळालेच तर ते बरणीत न जाता वॉशरवरच अडेल. पंख्याला हे काहीच लागले नसते.