डे ट्रेकसाठी कॅमेऱ्याची बॅग की साधी ट्रेकिंगची सॅक?

कन्हेरवाट (चाळीसगाव)

मंडळी, पावसाळा संपत आला की ओळखीपाळखीतले लोक विचारायला लागतात, "दिवसभराच्या ट्रेकला कॅमेऱ्याची कोणती बॅग घेऊ?" यंदा तिघांनी विचारलं. तिघांनाही मी एकच सांगितलं, कॅमेऱ्याची बॅग घेऊच नका. तिघांनाही ते पटलं नाही. म्हणून सविस्तर लिहितोय. ज्याला पटणार नाही त्याने मोकळेपणाने खोडून काढावं.

आपल्याकडे दिवसभर डोंगरात फिरताना पाठीवरची सगळ्यात जड वस्तू कॅमेरा नसतो, पाणी असतं. माझाच हिशेब घ्या. सोनी ए ६४०० बॅटरीसकट ४०३ ग्रॅम, १८-१३५ ची लेन्स ३२५ ग्रॅम, ७०-३५० ची ६२५ ग्रॅम. एकूण १,३५३ ग्रॅम. आणि ऑक्टोबरच्या उन्हात पाटणादेवीहून कन्हेरगड करायचा, वर थोडं फिरायचं, तर मला तीन लिटर पाणी लागतं. म्हणजे सरळ तीन किलो. त्यावर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, टॉर्च, मलमपट्टी. कॅमेऱ्याच्या दुपटीहून जास्त वजन पाण्याचं, आणि दुकानात उभं राहून आपण मोजतो काय, तर लेन्सचे कप्पे!

मीही तेच केलं होतं. चार वर्षांपूर्वी एका नावाजलेल्या कंपनीची कॅमेरा बॅग घेतली. घरी आणून किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली तर रिकामी बॅग एक किलो आठशे ग्रॅम. सगळीकडे जाड फोम, सगळीकडे चेन. बाटलीला एकच बाजूचा खिसा, कारण दुसरी बाजू ट्रायपॉडची. त्या खिशात दोन लिटरची बाटली घातली की अख्खी बॅग उजवीकडे कलायची. कमरेचा पट्टा म्हणजे नुसती नाडी, तीही बेंबीच्या वर बसायची. गडाच्या वाटेवरच्या नागार्जुन लेण्यापर्यंत पोचलो तेव्हा खांद्यावर दोन लाल वळ, आणि उतरताना डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या. कॅमेरा मात्र आत एकदम सुखरूप होता.

आता वापरतो ती साधी ट्रेकिंगची २८ लिटरची सॅक, रुंद गादीच्या कमरपट्ट्याची. पट्टा कमरेच्या हाडावर बसला की भार खांद्यावरून उतरून कंबरेवर आणि पायांवर जातो. पाणी पाठीला चिकटून मधोमध. कॅमेरा त्याच्या वर, एका फोमच्या डब्यात. डबा चाळीसगावातच बॅगा शिवणाऱ्या काकांकडून साडेचारशे रुपयांत शिवून घेतला. कॅमेऱ्याला गादी लागते हे खरं, पण ती डब्यापुरती पुरते. अख्ख्या बॅगेला नको.

रानपिंगळा (शहादा)

दादा, हिशेब पक्का आहे, पण तो तुमच्या कॅमेऱ्याचा. माझा ऐका. निकॉन डी ५०० बॅटरीसह ८६० ग्रॅम, २००-५०० लेन्स ट्रायपॉडला जोडायच्या कॉलरसकट २,३०० ग्रॅम. ३ किलो १६० ग्रॅम झाले. दोन लिटर पाणी घेऊन निघतो. माझ्या पाठीवर कॅमेराच जड.

आणि वजनापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे वेळ. मी ज्या पक्ष्याचं नाव इथे लावलंय तो १८८४ नंतर शंभरावर वर्षं कोणाला खात्रीने दिसला नव्हता. नामशेष झाला असंच धरलं होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये तो आमच्या शहाद्याजवळच्या जंगलात पुन्हा सापडला. हा पिंगळा दिवसाही जागा असतो, सागाच्या उघड्या फांदीवर बसलेला दिसतो. मान फिरवून बघतो आणि पुढच्या क्षणी गेलेला असतो. तुमच्या सॅकमध्ये वरची दोरी सोडा, झाकण उघडा, डबा काढा, डब्याची चेन उघडा. तोवर फांदीच उरते.

माझी बॅग पाठीच्या बाजूने उघडते. कमरेचा पट्टा लावलेलाच ठेवायचा, दोन्ही हात बाहेर काढायचे, बॅग कमरेभोवती फिरवून पोटावर आणायची आणि पोटावरच उघडायची. जमिनीला काही टेकत नाही. ऑगस्टमध्ये तोरणमाळला सीताखाईकडे जाताना बॅग खाली ठेवायची म्हणजे चिखलात ठेवायची. खांद्याचे पट्टे चिखलाने माखले की तोच चिखल पुन्हा शर्टावर आणि तिथून लेन्सच्या कापडावर. अशी सोय साध्या सॅकमध्ये दाखवा, मी उद्या माझी बॅग विकतो.

कन्हेरवाट

पण पक्ष्यासाठी निघालेला माणूस कॅमेरा बॅगेत ठेवतोच कशाला? तो हातात नाहीतर गळ्यात पाहिजे. बॅगेत असलेला कॅमेरा पोटावर उघडा की पाठीवर, पिंगळ्याला उशीरच.

रानपिंगळा

सपाटीवर हातातच असतो. हतनूरला धरणाच्या काठाने हिवाळ्यात चालताना मी बॅग गाडीतच ठेवतो. पण सातपुड्याच्या उतारावर दोन्ही हात लागतात, दगड धरावे लागतात. तीन किलोचं धूड गळ्यात घेऊन वाकलं की ते दगडावर आपटतं. एकदा लेन्सच्या तोंडावरचं हूड फुटलंय. म्हणून चढावर बॅगेत, माथ्यावर हातात. ही ये-जा दिवसातून दहा-बारा वेळा होते, आणि दर वेळी तुमचा डबा उघडत बसलो तर मी चालणार कधी?

तापीकाठची (भुसावळ)

दोघांचं वाचलं. ग्रॅम झाले, लिटर झाले, पण पाठीची लांबी दोघांपैकी एकानेही लिहिली नाही. बॅग चढते ती पाठीवर ना?

मी शाळेत शिकवते. सुट्टीत मुलांना घेऊन पालच्या जंगलात, मनुदेवीला जाते. फोटो माझ्यासाठीही काढते आणि शाळेच्या भिंतीसाठीही. पाच बॅगा बदलल्यावर मला कळलं ते असं. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी एक हाड टोचल्यासारखं वर येतं. तिथे टेपचं एक टोक. दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीवर जिथे येते तिथे टेपचं दुसरं टोक. दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्या, स्वतःचं स्वतः जमत नाही. माझं येतं ३९ सेंटिमीटर. आता दुकानातली बॅग घ्या आणि खांद्याचा पट्टा जिथून सुरू होतो तिथपासून कमरपट्ट्याच्या मध्यापर्यंत मोजा. या दोन आकड्यांत फार अंतर असेल तर ती बॅग कॅमेऱ्याची असो, ट्रेकिंगची असो, ती तुमची नाही.

माझ्या पहिल्या तीन बॅगा पुरुषांच्या मापाच्या होत्या. कमरपट्टा मांडीच्या वरच्या भागावर घसरायचा आणि खांद्याचे सरळ पट्टे बगलेत घुसायचे. बायकांसाठी वळणदार पट्ट्याच्या सॅक मिळतात. छातीचा आडवा पट्टा वरखाली सरकणारा असावा, नाहीतर तो नको तिथे आवळतो. कॅमेऱ्याच्या बॅगांमध्ये पाठीची लांबी कमीजास्त करता येणाऱ्या फार थोड्या. म्हणून माझं मत कन्हेरवाट यांच्या बाजूचं, पण त्यांच्या कारणासाठी नाही.

आणखी एक. दुकानात रिकामी बॅग पाठीवर घेऊन आरशात बघू नका. घरून तीन बाटल्या भरून न्या, आत घाला, दुकानातला जिना चार वेळा चढा-उतरा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. पैसे आपले जाणार आहेत.

कन्हेरवाट, तुमची ती जुनी बॅग घरी आहे का अजून? असेल तर मोजून सांगा.

लळिंगकर (धुळे)

पाठीच्या जाळीबद्दल कोणीच बोलत नाहीये. दुकानदार सांगतो जाळीची पाठ घ्या, हवा खेळते, घाम येत नाही. एप्रिल-मे मध्ये खरंच फरक पडतो, नाही म्हणत नाही. पण दसऱ्यानंतर लळिंगच्या किल्ल्यावर चढा. गुडघाभर कुसळी वाळून उभी असते. बॅग एकदा गवतात टेकवली की कुसळं जाळीत शिरतात, आणि ती एकाच दिशेने पुढे सरकतात, मागे येत नाहीत. बालेकिल्ल्यावर पोचेपर्यंत शर्टातून पाठीला टोचायला लागतात. घरी येऊन मी चिमट्याने एकेक काढली, दोन तास गेले. तेव्हापासून माझी बॅग गुळगुळीत कापडाची, पाठीला दोन उभ्या गाद्या आणि मध्ये खाच. घाम येतो, पण कुसळ झटकलं की पडतं.

रानपिंगळा यांची पाठीकडून उघडणारी बॅग याबाबतीत बरी हे मात्र मान्य, कारण ती खाली ठेवावीच लागत नाही.

अनेरकाठ (शिरपूर)

भाऊ, इतलं वझं कसाले? मी एक बॉडी आणि एक छोटी लेन्स नेतो. खांद्याच्या पट्ट्यावर क्लिप लावलीय, कॅमेरा त्यावर अडकतो. एका हाताने बटण दाबलं की हातात. पाठीवर कॉलेजची जुनी सॅक, त्यात पाणी आणि भाकर. झालं काम.

तापीकाठची

हलक्या कॅमेऱ्याला क्लिप चांगली, मीही वापरते. पण कॅमेरा एकाच पट्ट्यावर लटकतो, तेवढा एक खांदा पुढे ओढला जातो. तासाभराने मान अवघडते. कॉलेजच्या सॅकला कमरपट्टाच नसतो, त्यामुळे ती ओढ सगळी खांद्यावरच. कॅमेरा अर्ध्या किलोच्या आत असेल तर ठीक. रानपिंगळांची लेन्स त्यावर लावायचं मनातही आणू नका.

रानपिंगळा

पावसाचं काय? कन्हेरवाट, तुमचा शिवलेला डबा पाण्यात टिकेल? माझ्या बॅगेला तळातून निघणारं रेनकव्हर आहे.

तापीकाठची

त्या रेनकव्हरवर मी विसंबले होते, म्हणून मी सांगते. ऑगस्टमध्ये मनुदेवीला धबधब्यापाशी होतो. कव्हर बॅगेच्या बाहेरच्या अंगाला असतं, पाठीकडची बाजू उघडीच राहते. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठीवरून बॅगेच्या फोममध्ये मुरलं आणि उरलेलं कव्हरच्या तळाशी साचलं, वाटीत साचावं तसं. घरी आले, थकले होते, बॅग तशीच कोपऱ्यात ठेवली. तीन आठवड्यांनी लेन्स उजेडात धरली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. साफ करायला दिली, परत आली, पण कडेला डाग राहिलाच.

तेव्हापासून आतला डबाच तोंड गुंडाळून बंद करायच्या, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालते. बाहेरची बॅग भिजली तर भिजू दे. आणि सिलिका जेलच्या पुड्या बॅगेत टाकून निर्धास्त होऊ नका. उघड्या बॅगेत त्या हवेतली ओल पिऊन लवकरच निकामी होतात. घरी घट्ट झाकणाच्या डब्यात कॅमेऱ्याबरोबर ठेवल्या तरच उपयोग. म्हणून पुन्हा सांगते, बॅगेतून उचलून बाहेर काढता येणारा डबा असावा. मुक्कामी पोचलं की डबा बाहेर, बॅग वाळत.

लळिंगकर

उन्हाळ्यातही डबाच बरा. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ४० अंश लिहिलेली असते आणि आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा त्याच्या वर असतो. काळी बॅग दगडावर उन्हात ठेवून जेवायला बसू नका. आणि फ्रीजमधली गार बाटली कॅमेऱ्याला लागून ठेवू नका. बाटलीला घाम सुटतो आणि तोच डब्याच्या कापडातून आत झिरपतो. बाटलीला टॉवेल गुंडाळावा, पाणीही जास्त वेळ गार राहतं.

कन्हेरवाट

तापीकाठच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री मुलाकडून पाठ मोजून घेतली. ४८ सेंटिमीटर. मग माळ्यावरून जुनी बॅग काढली. पट्ट्यापासून पट्ट्यापर्यंत ४१. सात सेंटिमीटरची तूट! म्हणजे पट्टा बेंबीवर बसत होता तो बॅग कॅमेऱ्याची होती म्हणून नाही, ती माझ्या मापाचीच नव्हती म्हणून. चार वर्षं मी दोष भलत्याच गोष्टीला देत होतो. वर लिहिलेला तो भाग मी मागे घेतो.

पाण्याचा मुद्दा मात्र सोडत नाही. एका बाजूला दोन लिटरची बाटली लटकवायला लावणारी बॅग माझ्या मते डोंगराची नाही, मग ती कितीही मापाची असो. रिकामी असताना पावणेदोन किलोच्या वर भरणारी तर नाहीच नाही.

रानपिंगळा

बाजूच्या खिशाऐवजी पाण्याची नळीवाली पिशवी पाठीला लावून ठेवा, बॅग कलत नाही.

कन्हेरवाट

आणि ती पिशवी गळली तर? कॅमेऱ्याच्या बॅगेत, कॅमेऱ्याच्या शेजारी, दोन लिटर पाणी?

रानपिंगळा

माझ्या बॅगेत पाण्याचा कप्पा वेगळा आहे, त्याला खालून पाणी बाहेर जायला भोक आहे. पण हो, नळीचा सांधा एकदा सुटला होता. खालचं कापड ओलं झालं, कॅमेऱ्यापर्यंत पोचलं नाही. तेव्हापासून निघण्याआधी पिशवी भरून रात्रभर परातीत ठेवतो. सकाळी परात कोरडी असेल तरच बॅगेत.

तुमची ४१ ची बॅग मला बघायची आहे. माझ्या धाकट्या भावाची पाठ तेवढीच असेल, त्याने नुकताच कॅमेरा घेतलाय.

कन्हेरवाट

येत्या रविवारी सकाळी सहाला पाटणादेवीच्या मंदिरापाशी या, भावाला घेऊन. जुनी बॅग आणतो, माझी सॅकही आणतो. त्याच्या पाठीवर दोन्ही बॅगा तीन-तीन लिटर पाणी भरून आलटून पालटून देऊ. लेण्यापर्यंत एक, पुढे माथ्यापर्यंत दुसरी. ताई, तुम्हालाही जमलं तर टेप घेऊन या.

तापीकाठची

येते. आणि भावाला जेवण भरपूर आणायला सांगा, ते वजनही मोजायचंय.