विरह, ओढ, हुरहुर आणि मनोराज्य

प्रश्न : एका कादंबरीवर लिहिते आहे. दादरच्या दोन खोल्यांतलं जोडपं, आपसातलं बोलणं जवळजवळ संपलेलं. ती मात्र मनातल्या मनात त्याच नवऱ्याबरोबर निराळाच संसार करत असते. याला ‘विरह’ म्हणावं का? आणि तिच्या कल्पनांना ‘स्वप्नरंजन’?

उत्तर : ‘विरह’ नको. विरहात माणूस लांब असावा लागतो. ज्ञानदेवांची विरहिणी कावळ्याला शकुन विचारते, कारण जो यायचा आहे तो अजून आलेला नाही. चाकरमानी गिरणगावात आणि बायको कोकणात, मनिऑर्डरीवर आणि गणपतीतल्या भेटीवर वर्ष काढायचं, तोही विरहच. तुमच्या नायिकेचा नवरा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसलाय. इथे ‘दुरावा’ आहे, आणि दुराव्यातही उरते ती ‘ओढ’. हुरहुर वेगळी, ती तिन्हीसांजेला उगीचही लागते. ओढ कुणाची तरीच असते.

मला यातलं व्याकरण फार मोलाचं वाटतं. ओढ, आस, हुरहुर ‘लागते’, आणि ती ‘तिला’ लागते, तिच्या मर्जीचा प्रश्नच नाही. मनोराज्य मात्र ‘ती’ करते, इमले ‘ती’ बांधते. ज्या संसारात तिच्या हाती काहीच राहिलेलं नाही, त्यात ती कर्ता होते ती एवढ्या एकाच ठिकाणी. म्हणून ‘स्वप्नरंजन’ वापरू नका. समीक्षेत तो शब्द बहुतेक वेळा दोष दाखवायलाच येतो. ‘मनातले मांडे’मध्ये तर उघड हेटाळणी आहे. ‘मनोराज्य’ त्यातल्या त्यात बरा, पण रिकामपणचा उद्योग अशी छटा त्यालाही आहेच. मी साधं ‘मनाशी रंगवणं’ लिहीन.

आणखी एक प्रतिसाद : पण ‘झुरणे’चं काय? ‘ती झुरते’ असंच म्हणतो आपण, ‘तिला झुरणं लागतं’ असं नाही.

उत्तर : बरोबर, आणि तरीही तिथे ती काही घडवत नाही. झुरणं हे झिजणं, सुकणं यांच्या पंगतीतलं क्रियापद. आतून माणूस कमी होत जातो. पुस्तकात तिची तब्येत ढासळताना दिसत असेल तर तो शब्द जरूर वापरा.

प्रश्न : आणि ‘विभक्त’ जोडपं?

उत्तर : नाही. हिंदू विवाह कायद्यातली (१९५५, कलम १०) न्यायिक विभक्तता कोर्टाच्या हुकमानं मिळते. ‘फारकत’ही मुळात फारसीतून आलेला, मोकळं केल्याच्या कागदाचा शब्द. या दोघांत असा कुठलाच कागद झालेला नाही. ‘दुरावलेलं’ लिहा.