गोधडीतून उजेड काढायचाय, पण नुसता काळा चौकोन दिसतो

दाभणवाली (दर्यापूर तालुका)

नमस्कार मंडळी. मी गावात ब्लाउज-परकर शिवते, अठरा वर्षं झाली मशीनवर. यंदा २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, समाजमंदिरात काही वेगळं करायचं मनात आहे. दरवर्षी खराटे फिरतात, कीर्तन होतं, जेवणावळ उठते. बाबा चिंध्यांची गोधडी अंगावर घेऊन हिंडले, लोक त्यांना गोधडेबाबाच म्हणत. आणि आमच्या कार्यक्रमात गोधडी सोडून सगळं असतं, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांसकट. म्हणून पाच गोधड्या अंधारात टांगायच्या, मागून उजेड सोडायचा, लोकांनी मधून चालत जायचं.

सासूबाईंच्या लुगड्यांचं गाठोडं आहे, त्या गेल्यापासून कुणी सोडलं नव्हतं. त्यातली एक गोधडी शिवली, सात फूट बाय साडेचार. वर-खाली लुगडं, आत जुनी धोतरं आणि चादरीचे तुकडे, कडेपासून मधोमध येईतो धावदोरा. ओसरीत दोरीवर टाकून मागे १०० चा पिवळा बल्ब लावला. काहीच नाही, काळा चौकोन! बल्ब जवळ सरकवला तर करपल्याचा वास, अन् हिरव्या लुगड्यावर आठ आण्याएवढा डाग. नवरा म्हणे, "आईनं पाह्यलं असतं तर..." पुढं बोललाच नाही.

काय चुकतंय?

यवतमाळची आजी (नातू टाइप करतो)

बाई, वाकय म्हंजे गोधडी, थंडीसाठी असते. तिच्यातून वारा जात नाही, उजेड कुठून जाईन? आतलं सगळं काढ, दोनच थर ठेव. अन् एकेक लुगडं उन्हात धरून पाह्य. आमी तसंच पाहो, कुठं विरलं ते. बसाच्या जागी आधी विरते, काठ शेवटपर्यंत टणक राह्यते. विरलेलं कापून, उरलेलं जोडून दंड घालतेत सगळे. तू ते कापू नको, तेच तुह्या कामाचं हाय.

मंडपवाला, वर्धा

ताई, आधी तो बल्ब काढून फेका. सुती कापडाजवळ पिवळा बल्ब अन् हॅलोजन दोन्ही नकोच. एलईडी पट्टी घ्या, १२ व्होल्टची, पिवळसर उजेडाची. पांढरी घेतली तर गोधडी दवाखान्यातल्या पडद्यासारखी दिसेल.

पट्टीचं तोंड कापडाकडे करू नका, नाहीतर ठिपके ठिपके दिसतात. मागच्या चुन्याच्या भिंतीकडे वळवा, भिंतीवरून परतलेला उजेड एकसारखा येतो. तुमच्या मापाला चारी बाजूंनी सात मीटर पट्टी लागेल. एका टोकानं करंट दिला की पाच मीटरनंतर ती मंद पडते, म्हणून साडेतीन मीटरचे दोन तुकडे करून दोघांना वेगळी वायर द्या. मीटरला पाच वॅटवाली पट्टी धरली तर एका गोधडीला ३५ वॅट, पाचांना १७५. लाईन गेली तर? (जाणारच, कीर्तन रंगात आलं की हमखास.) ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टचीच असते. मधे फ्यूज टाकून जोडा, दोन तास सहज निघतात.

नागपूरचा, चित्रकलेचा विद्यार्थी

काकू, कोरियात जोगाकबो नावाचा प्रकार आहे, उरलेले तुकडे जोडून केलेली, सामान बांधायची फडकी. त्यात अस्तर नसलं की कडा आत दुमडून पक्क्या शिवतात, मागची बाजूही पुढच्याइतकीच नीट. उजेडात धरलं की तुकडे काचेसारखे उजळतात आणि शिवणी काळ्या रेघांसारख्या उमटतात. तुम्ही एकेरी कापडावर एखादी करून बघा. गाठोड्यात करवतकाठी (करवतीच्या दात्यांसारख्या काठाचं टसर रेशमी लुगडं) निघालं तर ते मधे लावा. काठाचे दाते अंधारे आणि पोत उजळ, असं दिसेल.

दाभणवाली

करवतकाठी कुठलं, आमच्या घरी सगळं सुती. पण आजींचं ऐकून काल रात्री त्याच गोधडीचे टाके उसवले, धोतरं काढली, दोन थरांवर परत धावदोरा मारला. डागावर लाल खणाचं ठिगळ लावलं. वर नेफा शिवून बांबू घातला आणि भिंतीपासून हातभर पुढं टांगली.

मधोमध, थोडी डावीकडे, पाटाएवढी जागा सगळ्यात जास्त उजळली. सासूबाई डाव्या मांडीवर जोर देऊन बसायच्या, गुडघा दुखायचा म्हणून. मी ते विसरून गेले होते.

नवरा बराच वेळ उंबऱ्यात उभा होता. मग म्हणाला, बॅटरी काढून देतो, पण रात्रीच परत लाव, सकाळी कापूस न्यायचाय.

आता चार राहिल्या. मंडपवाले भाऊ, तो फ्यूज किती अँपिअरचा घेऊ?