आईला केअर सेंटरमध्ये बेडसोर (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) झाले, कायद्याने जबाबदार कोण?

गोदाकाठ
आई 78 वर्षांची. पॅरालिसिसमध्ये उजवी बाजू गेली, बोललेलं नीट कळत नाही. मी नाशिकला, नोकरी सोडता येत नाही, भाऊ परदेशात, म्हणून पुण्याजवळच्या एका केअर सेंटरमध्ये तिला ठेवलं. महिन्याला 32 हजार, डायपर-औषधं वेगळी, वर 1 लाख डिपॉझिट. माहितीपत्रकात 24 तास नर्स, रोज फिजिओ असं सगळं लिहिलेलं. व्हिडिओ कॉलवर आई नेहमी गळ्यापर्यंत चादर घेतलेली दिसायची, विचारलं की "झोपल्यात, एसी चालू आहे". मागच्या आठवड्यात गेले तर अंगात ताप, कुशीवर वळवलं तर माकडहाडावर तळहाताएवढी जखम आणि तिला वास येत होता. तिथूनच हॉस्पिटलला हलवलं. सर्जन म्हणाले ग्रेड 4 आहे, हाडापर्यंत गेलंय, हे एकदोन दिवसांत होत नाही. आणि सेंटरचे मालक मला सांगतायत की या वयात होतंच, शिवाय अ‍ॅडमिशनच्या फॉर्मवर तुमची सही आहे, "कोणत्याही प्रसंगास संस्था जबाबदार राहणार नाही". डिपॉझिटही देत नाहीत. त्या सहीमुळे खरंच सगळे रस्ते बंद होतात का? कुठे जायचं, पोलीस, कलेक्टर की कोर्ट?

सातारी_माणूस
ताई आधी आईची तब्येत सांभाळा. प्रांत ऑफिसला ज्येष्ठ नागरिकांचं न्यायाधिकरण असतं, 2007 चा कायदा आहे, तिथे अर्ज टाका, वकील लागत नाही. आमच्या शेजारच्या आजोबांना तिथूनच मुलाकडून दरमहा पैसे चालू झाले.

अ‍ॅड_तळेगाव
सातारी दादा, ते न्यायाधिकरण मुलांकडून आणि वारसदार नातेवाइकांकडून पोटगी मिळवण्यासाठी आहे, पैसे घेऊन सांभाळणाऱ्या सेंटरवर तिथे काही चालत नाही. 2019 ला त्याच कायद्याचं दुरुस्ती विधेयक लोकसभेत आलं होतं, त्यात अशा सेंटरची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा हे सगळं होतं, पण त्याचा कायदा झालाच नाही. त्यामुळे आज कुणीही बंगला भाड्याने घेऊन दहा कॉट टाकतो आणि पाटी लावतो.

ताई, तुमचा मुख्य रस्ता ग्राहक आयोग. तुम्ही पैसे भरले, आई त्या सेवेची लाभार्थी, म्हणून कायद्याने दोघीही ग्राहक. 2019 च्या ग्राहक कायद्यात सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येतच निष्काळजीपणा धरलेला आहे. केस पुण्यालाच टाकावी लागते असं नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात म्हणजे नाशिकला टाकता येते, ऑनलाइनही होते. मुदत 2 वर्षं. तुम्ही सेंटरला भरलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी शून्य, मग नुकसानभरपाई कितीही मागा. त्यात हॉस्पिटलचा खर्च, पुढचं ड्रेसिंग, आईला झालेला त्रास आणि डिपॉझिट सगळं मागा.

सहीबद्दल बोलायचं तर, अशा छापील फॉर्मचा अर्थ फार तर एवढाच की वयामुळे, आजारामुळे जे होईल त्याला आम्ही जबाबदार नाही. पैसे घेऊन जे काम करायचं कबूल केलं तेच केलं नाही, त्याची सुटका अशा एका ओळीने होत नाही. माहितीपत्रक जपून ठेवा, त्यातलं "24 तास नर्स" हे वाक्य तुमच्या खूप कामाचं आहे.

वॉर्ड_सिस्टर
28 वर्षं सरकारी हॉस्पिटलला नोकरी केली म्हणून हे लिहिते. पडून असलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, पाठ रोज बघायची, ओलं डायपर तसंच ठेवायचं नाही, एअर बेड द्यायचा, खाण्यात प्रथिनं वाढवायची. काही पेशंटना एवढं करूनही जखम होते, हे खरं आहे आणि ते लोक कोर्टात हेच म्हणणार. पण सुरुवातीला कातडी नुसती लाल होते, मग सोलते, मग खड्डा पडतो. तेव्हा प्रश्न असा विचारा की लाल झाली त्या दिवशी कुणी लिहून ठेवलं का आणि घरी फोन केला का? कूस बदलल्याचा चार्ट, नर्सिंग नोट्स, तापाच्या नोंदी लेखी मागा, उद्याच, कारण नंतर एका बैठकीत एकाच पेनाने सगळा महिना भरलेला चार्ट मी स्वतः बघितलाय. आणि सर्जनला सांगा की डिस्चार्ज कार्डवर जखमेची लांबी, रुंदी, ग्रेड आणि "अ‍ॅडमिट होताना होती" हे स्पष्ट लिहा.

एक विनंती आहे, तिथल्या मावशींवर राग काढू नका. रात्री एका बाईच्या जिवावर पंधरा-वीस माणसं सोडतात, तिने किती जणांना वळवायचं? नर्स म्हणून दाखवलेली मुलगी बरेचदा ब्युरोकडून, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडून आलेली असते, काहीच ट्रेनिंग नसतं. ड्युटीवर किती माणसं ठेवायची हे मालक ठरवतो, त्याला जाब विचारा.

गोदाकाठ
सिस्टर, दादा, खूप आभार. आज पोलीस चौकीत जाऊन आले, ते म्हणाले हे तुमचं आणि सेंटरचं पैशाचं भांडण आहे, फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद घेतो. आई अजून आयसीयूत आहे.

अ‍ॅड_तळेगाव
पैशाचं भांडण नाही हे. आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 357 बघा, आजारपणामुळे असहाय असलेल्या माणसाची देखभाल करण्याचा करार करून ती जाणूनबुजून न करणं हाच गुन्हा आहे. शिक्षा कमी, 3 महिने किंवा 5 हजार दंड, आणि अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, म्हणून ते एनसी म्हणतायत. पण कलम 125 सुद्धा लागतं, निष्काळजीपणाने जीव धोक्यात घालून गंभीर दुखापत केली तर 3 वर्षांपर्यंत, आणि ते दखलपात्र आहे. नव्या संहितेत 15 दिवस तीव्र वेदना राहिल्या तरी ती गंभीर दुखापत धरतात, इथे तर माणूस आयसीयूत आहे. हॉस्पिटलला एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची मेडिको-लीगल केस नोंदवायला सांगा, लेखी तक्रार चौकीत देऊन पोच घ्या, घेत नसतील तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना पोस्टाने पाठवा, तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. वकिलाचा खर्च जमत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आईच्या नावाने मागा.

आणखी दोन गोष्टी तपासा. सेंटर ट्रस्टचं असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे वेगळी तक्रार जाते. आणि तिथे सलाइन, ऑक्सिजन, उपचार देत असतील तर 1949 च्या नर्सिंग होम कायद्याखाली नोंदणी आहे का हे आरोग्य विभागात विचारा.

वॉर्ड_सिस्टर
14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनलाही फोन करा. आणि ताई, त्या सेंटरमध्ये भेटायला येणाऱ्या बाकीच्यांचे नंबर तुमच्याकडे असतील तर आजच कळवा, प्रत्येकाने जाऊन आपल्या माणसाला कुशीवर वळवून पाठ बघायला सांगा, टाचा पण बघायला सांगा.